जाड, तिरपा, ब्रशचा फॉन्ट: आत्याच्या पाटीसाठी घ्यावा का?

प्रश्न बडोद्यातल्याच एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: "काका, दांडिया बाजारात माझ्या आत्याचं श्रीखंड-पुरी आणि फराळाच्या पदार्थांचं छोटं दुकान सुरू होतंय. पाटी गुजराती, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्हींत हवी. डिझाइन करणाऱ्याने इंग्रजी आणि गुजराती नावाला ब्रशने लिहिल्यासारखा जाड, उजवीकडे झुकलेला फॉन्ट लावला. मराठीत तसा मिळेना, म्हणून एक साधा ठळक फॉन्ट कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तिरका करून दिला. आत्याला आवडलंय. मला मराठी ओळ बघितली की काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. असा फॉन्ट कुठे चालतो, कुठे नाही, आणि मराठीचं काय करायचं?"

तुझा डोळा बरोबर आहे, आणि आत्याची आवडही चुकलेली नाही. इंग्रजी आणि गुजराती ओळी ठेवा तशाच. बिघडली आहे ती फक्त मराठी ओळ. ती का बिघडली ते नीट सांगतो, कारण ते कळलं की असा फॉन्ट कुठे लावायचा हेही त्यातूनच कळतं. मी रावपुऱ्यात एका पेंटरच्या हाताखाली ब्रश धुण्यापासून सुरुवात केली. मग स्वतः पाट्या रंगवल्या, फ्लेक्स आल्यावर दोनेक वर्षं रिकामा बसलो, आणि शेवटी कॉम्प्युटर शिकून आता अॅक्रिलिकच्या आणि पत्र्याच्या अक्षरांचं काम करतो. त्यामुळे पुढचं बरंचसं शिडीवर उभं राहून शिकलेलं आहे.

आधी इटॅलिक म्हणजे काय ते बघू. तुमच्या डिझाइनवाल्याची चूक तिथेच झाली आहे. इटॅलिक म्हणजे तिरपं, असं सगळे धरून चालतात. पण १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतियुस या प्रकाशकाने व्हर्जिलच्या कविता पहिल्यांदा इटॅलिक टाइपात छापल्या, तेव्हा त्यातली कॅपिटल अक्षरं चक्क उभी होती. झुकलेली होती ती फक्त लहान अक्षरं, कारण ती तिथल्या विद्वानांच्या भरभर लिहिण्याच्या वळणावरून घेतलेली होती. टाइप कापणारा फ्रान्चेस्को ग्रिफो. त्याने उभं अक्षर घेऊन ढकललं नाही. धावतं अक्षर घेतलं, आणि धावतं अक्षर झुकतंच.

आपल्याकडे याची जोड शोधायची तर बाळबोध आणि मोडी. बाळबोध सावकाश काढायची, एकेक अक्षर पुरं करत. मोडी धावत लिहायची: आधी कागदभर शिरोरेघा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू होता होईल तो न उचलता त्यांच्याखाली अक्षरं ओवत जायचं. गायकवाडी दप्तरातला एखादा मोडी कागद पाहायला मिळाला तर वाचता आला नाही तरी बघ. कुठलंही अक्षर मुद्दाम वाकवलेलं नाही, तरी सगळी ओळ पुढे निघाल्यासारखी दिसते, कारण हात एक अक्षर संपवता संपवता पुढच्याकडे वळलेला असतो. मराठीचं इटॅलिक कुणाला करायचं असेल तर त्याने कोरलमधला स्क्यूचा, म्हणजे अक्षर तिरकं ढकलायचा, बाण सोडून आधी मोडीकडे जावं, असं माझं जुनं मत आहे. फॉन्ट करणारे तरुण भेटले की मी हे सांगतो. ते मान डोलावतात आणि परत लॅपटॉप उघडतात.

ब्रशच्या फॉन्टात हाच धावता हात असतो, फक्त बोरूच्या जागी रंगाने भरलेला ब्रश. ब्रश टेकतो तिथे ठसठशीत सुरुवात, दाबला की रेघ फुगते, उचलताना शेपूट निमुळतं होतं. अमेरिकन टाइप फाउंडर्स या कंपनीने १९४२ साली रॉबर्ट स्मिथचा ब्रश स्क्रिप्ट हा फॉन्ट काढला, तो या घराण्यातला सगळ्यांत माहीत असलेला. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर तो घरोघरी गेला आणि मग लग्नाच्या पत्रिकेपासून क्लासच्या जाहिरातीपर्यंत इतका वापरला गेला, की आता चांगला डिझायनर त्याला हात लावत नाही. फ्रान्समध्ये रोजे एक्सकोफाँने १९५३ साली मिस्त्राल केला, तो स्वतःच्या हस्ताक्षरावरून, आणि १९५५ साली शॉक, जाडजूड ब्रशचा, आडदांड. हे सगळे छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांचे दिवस. प्रत्येक अक्षर चौकोनी ठोकळ्यावर बसलेलं, आणि तरी शेजारच्या अक्षराला हात लावतंय असं भासवायचं. ती करामत लहान अक्षरांच्या शेपटांत आहे. म्हणूनच असल्या फॉन्टात अख्खं नाव कॅपिटलमध्ये लिहिलं की सगळं कोसळतं: पहिल्या अक्षराला म्हणून काढलेली मोठी वळणदार कॅपिटलं एकमेकांच्या अंगावर पडतात. तुमच्या पाटीत इंग्रजी नाव पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची लहान असं आहे ना? तेवढं तपास.

तू केलेल्या वर्णनावरून मला वाटतं तुमच्या डिझाइनवाल्याने श्रीखंड नावाचा फॉन्ट वापरलाय. हसू नकोस, फॉन्टचं नाव खरंच श्रीखंड आहे. जॉनी पिनहॉर्नने केलेला, अहमदाबाद-मुंबईच्या रस्त्यांवरच्या हाताने रंगवलेल्या गुबगुबीत अक्षरांवरून सुचलेला. त्यात रोमन आणि गुजराती दोन्ही आहेत, एकाच जाडीत आणि एकाच तिरप्या रूपात. खुल्या परवान्यावर आहे, त्यामुळे दुकानाच्या पाटीवर वापरायला पैसे पडत नाहीत. देवनागरी मात्र त्यात नाही, आणि तुमच्या मराठी ओळीचं दुखणं इथून सुरू होतं. दुकान श्रीखंडाचं आणि फॉन्टही श्रीखंड, हा योग मला तरी सोडवणार नाही.

आता गुजराती अक्षर इतकं सहज का झुकतं आणि आपलं का अडतं? गुजरातीला शिरोरेघ नाही. तिचं अक्षर डोक्यावर छप्पर नसलेलं, मोकळं. ब्रश वरून आत येऊ शकतो, वळू शकतो, शेवटी शेपूट हवं तिकडे फेकू शकतो. बडोद्यातल्या पेंटरांना हे हाडात माहीत होतं. मांडवीच्या आसपासच्या जुन्या लाकडी पाट्यांवर गुजराती नाव तिरपं, फुगीर, खाली लाल सावली दिलेलं, आणि त्याच पाटीवर मराठी किंवा हिंदी ओळ आली की ती बहुतेक वेळा उभीच. हा काही आळस नव्हता. देवनागरी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी असते. वारा आला तर कपडे तिरके होतील, दोरी आडवीच राहणार. कपडे किती तिरके आणि कुठले तिरके हे वाऱ्याने ठरवायचं असतं. कोरल ठरवतं तेव्हा सगळे सारखे तिरके होतात, पाण्याने जड झालेला टॉवेलही आणि रुमालही.

बारकाईने सांगतो, कारण तुला खटकलेली गोष्ट नेमकी इथे आहे. रोमन लिहिणारा लेखणीचं टोक ज्या बाजूने तिरकं धरतो, त्याच्या उलट बाजूने आपल्या बोरूचं टोक छाटलेलं असतं. त्यामुळे देवनागरीत उजवीकडे वर चढणारी रेघ जाड येते आणि डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी बारीक. रोमनमध्ये बरोबर याच्या उलट. आता अक्षर उजवीकडे स्क्यू केलं की काय होतं? चढणारी रेघ लांब होते, म्हणजेच बारीक होते. उतरणारी आखूड होते, म्हणजेच जाड होते. देवनागरीत जी जाड असायला हवी ती बारकावली आणि जी बारीक असायला हवी ती फुगली. दोन्ही मध्येच कुठेतरी भेटतात आणि अक्षरातला कस, म्हणजे जाड-बारीक रेघांतला फरक, निघून जातो. भिजलेल्या पापडासारखं दिसतं. तुला जे खटकतंय पण सांगता येत नाही ते बहुधा हेच.

दुसरी गोष्ट मात्रांची. आपली मात्रा मुळात डावीकडे कललेली असते. अख्खी ओळ उजवीकडे ढकलली की काना झुकतो आणि त्याच्या डोक्यावरची मात्रा सरळ खुंटीसारखी उभी राहते. 'सेव' किंवा 'पेढे' असले शब्द तिरके करून बघ. हाताने लिहिणारा पेंटर असं कधीच करत नाही. तो काना जरासा झुकवतो, मात्रा डावीकडेच ठेवतो पण तिला बाक देतो, आणि वेलांटी ओढताना मनगट सैल सोडतो. त्याच्या तिरप्या ओळीत दोन काने एका कोनात नसतात, आणि म्हणूनच ती जिवंत दिसते.

तिसरी गोष्ट जाडीची. ब्रशच्या फॉन्टात रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत, कधी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाते. रोमन 'ओ' ला ते झेपतं. आपल्या अक्षरांना झेपत नाही, कारण आम्हा पेंटरांच्या भाषेत अक्षराचं जे पोट, म्हणजे आतली पोकळी, ती देवनागरीत आधीच लहान असते. ष, ण, क्ष, ळ यांची पोटं भरून जातात. त्याहून वाईट म्हणजे ध आणि भ. हे दोघे घ आणि म पासून वेगळे राहतात ते डोक्यावरच्या एवढ्याशा फटीमुळे आणि गाठीमुळे. जाडीत ती फट बुजली की भ चा म आणि ध चा घ.

हे मी स्वतःच्या पैशाने शिकलो. फ्लेक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत एका वडेवाल्याची पाटी केली, नावाच्या शेवटी 'भाऊ' होतं. कॉम्प्युटर नवीन, उत्साह फार. जाड फॉन्ट घेतला, तिरका केला, तरी दमदार दिसेना म्हणून वर आणखी आउटलाइन चढवली. पाटी लागली, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या शाळेतली मुलं त्याला 'माऊ' म्हणून हाका मारायला लागली. माऊचा वडा. पाटी परत केली, फुकट. माणूस चांगला होता, पण माऊ हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

मग मराठी ओळीचं काय करायचं? माझ्या मते सगळ्यांत चांगला मार्ग म्हणजे ती ओळ कुणाकडून तरी हाताने लिहून घ्या. तीन-चार शब्दांचं तर काम आहे. बडोद्यात ब्रश धरणारे जुने पेंटर अजून आहेत, आणि फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्ट शिकणारी मुलंही हे आनंदाने करतात. त्यांना गुजराती ओळीचा प्रिंट समोर ठेवायला सांगायचं आणि म्हणायचं, याचं वजन आणि याची चाल हवी, याची नक्कल नको. लिहिताना आधी खडूने दोन रेघा मारायच्या, एक शिरोरेघेची आणि एक काना जिथे संपतो तिथली, आणि झुकाव लक्षात राहावा म्हणून वीतभर अंतरावर तिरक्या फिक्या रेघा. झुकाव रोमन ओळीपेक्षा कमीच ठेवायचा. देवनागरीत थोडा झुकावही जास्त दिसतो, कारण शेजारी आडवी शिरोरेघ मोजपट्टीसारखी उभी असते. आडवी असते, म्हणायचं होतं मला, पण समजलं असेल. मग साध्या कागदावर चपट्या ब्रशने वीस-पंचवीस वेळा तेच नाव एका दमात लिहायचं. पहिली आठ-दहा अक्षरं घाबरलेली येतात. पंधराव्याच्या पुढे हात सुटतो. त्यातलं एक निवडायचं, तुकडे जोडून नव्हे, अख्खं एक. ते स्कॅन करून ट्रेस करायचं, म्हणजे कॉम्प्युटरवर त्याच्या कडांची रेघ करून घ्यायची, आणि त्या रेघेवरचे बिंदू कमी करत करत अगदी मोजके ठेवायचे. ट्रेस करणारं सॉफ्टवेअर एका वळणावर चाळीस बिंदू टाकतं, तिथे चार पुरतात.

हाताने लिहून घेणं जमणारच नसेल तर दुसरा मार्ग: मराठी ओळ तिरपी करूच नका. उभी ठेवा, पण वजन जुळवा. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे बलू आणि मोदक हे फॉन्ट दोन्ही गोलसर, जाड, खेळकर आहेत. बलूचं विशेष असं की त्याच घराण्यात गुजरातीही आहे, बलू भाई या नावाने. पुढे तिन्ही ओळी एकाच ढंगात कराव्याशा वाटल्या तर सोय होईल. मोदक मात्र इतका फुगीर आहे की अक्षराची पोटं नुसत्या चिरांसारखी उरतात. दोन अक्षरांच्या नावाला मजा येते, 'श्रीखंड-पुरी' ला ओझं होईल. कॅथरिन ली श्मिटचा यात्रा वन हा फॉन्ट मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे. चपट्या ब्रशचा कस त्यात नीट दिसतो, आणि तिरपा नसूनही तो गुजराती ओळीशेजारी परका वाटत नाही. कलम हा फॉन्ट खरोखर झुकलेला आहे आणि देवनागरीत आहे, म्हणून तुमचा डिझाइनवाला तो सुचवेल. पण तो पेनने लिहिलेल्या हस्ताक्षराचा आहे. त्याचा ठळक प्रकारही श्रीखंडाशेजारी उपाशी दिसतो. त्याला मेनूकार्डवर घ्या.

आणखी एक पेंटरी युक्ती आहे, माझ्या उस्तादांची. काना उभाच ठेवायचा आणि शिरोरेघ चढवायची. ओळ डावीकडून उजवीकडे पाच-सहा अंशांनी वर जाते, अक्षरं मात्र दोरीवरून सरळ लोंबत राहतात. देवनागरीला वेग द्यायचा हा मला सगळ्यांत नैसर्गिक मार्ग वाटतो, कारण यात दोरीच हलते आणि कपड्यांना कुणी हात लावत नाही. मराठी नाटकांच्या जाहिरातींत शीर्षकं किती तऱ्हेने चढली-उतरली हे अक्षरकार कमल शेडग्यांची कामं पाहिली की कळतं. दुकानाच्या पाटीवर मात्र ओळ नेहमी चढतीच ठेवायची. उतरती केलीस तर आत्या काही बोलणार नाही, पण समोरचा व्यापारी पहिल्याच दिवशी "धंधो नीचे जाय छे" म्हणून सांगून जाईल.

असा फॉन्ट कुठे शोभतो हे विचारलं आहेस. जिथे नाव एक-दोन शब्दांचं आहे आणि ते खाणं, खेळ, सण, घाई, ताजेपणा यांतलं काही सांगतं तिथे. सेव-उसळीची गाडी, उत्तरायणातला पतंग-मांज्याचा मंडप, दसऱ्याच्या सकाळच्या फाफडा-जलेबीचा बोर्ड, गरब्याचे पास, गणपती मंडळाच्या क्रिकेट टीमची जर्सी. जर्सीवर नावाखाली जे लांब शेपूट ओढतात ना, ते याच घराण्यातलं. तिरप्या ओळीत खाली उजवीकडे एक तिकोनी मोकळी जागा राहते, ती भरायला ते शेपूट. पाटीवरही त्या जागेचा विचार करा. तिरपं नाव अगदी मोजून मध्यावर ठेवलं तरी डोळ्याला सरकलेलं दिसतं. मोजपट्टी बाजूला ठेवून नजरेने थोडं डावी-उजवीकडे करायचं.

कुठे शोभत नाही? पत्ता, फोन नंबर, वेळा, भावफलक. मजकूर दोन ओळींच्या पुढे गेला की असा फॉन्ट गोंगाट करतो. गुजरातीत तर एक खास अडचण आहे: र हे अक्षर आणि दोनचा आकडा जवळजवळ सारखे, प आणि पाचचा आकडाही तसेच. साध्या फॉन्टात संदर्भाने चालून जातं. जाड तिरप्या ब्रशात भाव वाचताना गिऱ्हाईक थबकतं. खालच्या ओळींना साधा, सरळ फॉन्ट घ्या. गुजरातीला हिंद वडोदरा आहे, आपल्याच शहराच्या नावाचा, आणि मराठी-इंग्रजीला त्याच घराण्यातला हिंद. मोठ्या नावाशी त्यांची काही स्पर्धा होत नाही. डॉक्टर, वकील, पतपेढी यांच्या पाट्यांनाही हा फॉन्ट नको. एकदा एका मंडळाने श्रद्धांजलीचा फलक याच धर्तीच्या अक्षरात करून मागितला होता, कारण आदल्या वर्षीच्या गरब्याची फाइल तयार होती. फोटोतले आजोबा गंभीर आणि खाली नाव नाचतंय. मी रात्री स्वतः बदलून दिलं. त्यांना फरक कळला नाही, पण आजोबांना कळला असता.

आता पाटी बनवण्याकडे येऊ, कारण स्क्रीनवर छान दिसलेलं इथे फसतं. दांडिया बाजारात गर्दी, त्यात स्कूटरवरून जाणारा माणूस. आमचा ढोबळ हिशेब असा की दर १० फुटांना १ इंच अक्षर. समोरच्या बाजूने ५० फुटांवरून वाचायचं असेल तर ५ इंच. पण हा हिशेब रोमन कॅपिटलचा. देवनागरीत उंची मोजायची ती शिरोरेघेपासून काना संपेपर्यंत, कारण वेलांट्या, मात्रा, उकार मिळून ओळीची जवळजवळ अर्धी उंची खातात. डिझाइनवाला "अक्षर १० इंच आहे" म्हणतो तेव्हा तो वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजत असतो, आणि खरं अक्षर साडेपाच इंच निघतं. त्यात तिरपं आणि जाड म्हणजे आणखी दीडपट धर. तीन फूट उंचीच्या पाटीत तीन लिप्यांची तीन सारखी मोठी नावं बसवायचा हट्ट केलात तर तिन्ही लहान होतील. गुजराती नाव सगळ्यांत मोठं, मराठी त्याच्या पाऊणपट, इंग्रजी खाली लहान, असं मी करीन. आत्या मराठी मोठं ठेवायचं म्हणाल्या तर तेही चालेल, पण तीनपैकी एकालाच मोठं करा.

अक्षरं मागून एलईडीने उजळणारी असतील तर पोटं मुद्दाम थोडी मोठी करून घ्या. रात्री प्रकाश कडेवरून सांडतो आणि लहान पोकळी उजेडाने भरून जाते. 'खं' मधलं पोट बुजलं आणि ख चे दोन पाय सुटे झाले की रात्री लोक 'श्रीरवंड' वाचतील. सुटे भाग, म्हणजे अनुस्वार आणि इंग्रजी 'आय'वरचा टिंब, यांना वेगळा आधार आणि वेगळी वायर लागते हे कारागिराला आधीच सांगा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात अनुस्वार विझतो. स्टिकर कापून लावणार असाल तर कडा गुळगुळीत असलेलाच फॉन्ट घ्या. सुकत आलेल्या ब्रशचे केस दिसणारे खडबडीत फॉन्ट छापील कागदावर सुंदर दिसतात, पण प्लॉटरचं, म्हणजे स्टिकर कापणाऱ्या यंत्राचं, पातं त्या हजार दातांत अडकतं आणि स्टिकर सोलताना कडा उचकटून येतात. एकमेकांना चिकटणारी अक्षरं कापायला देण्याआधी कोरलमध्ये वेल्ड करून एकसंध करायची. नाही केली तर जिथे एक अक्षर दुसऱ्यावर चढतं तिथे पातं आरपार कापतं, आणि तुकडे हातात येतात. आणि कुणीही अक्षरांमधलं अंतर वाढवायला गेलं तर थांबवा. ब्रशच्या इंग्रजीत त्याने जोड सुटतात, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि नावाचे दात पडल्यासारखे दिसतात.

शेवटची तपासणी मराठी वळणाची. पुष्कळ देवनागरी फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे पुढे असतात, आणि आपला दोन वाट्यांचा ल आणि आपला श आत कुठेतरी असतो. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली तरच तो बाहेर येतो, काही फॉन्टांत तरीही येत नाही. तो हाताने बदलून घ्यायला सांग. आणि आत्या पाटीवर 'गरम पुऱ्या' लिहिणार असतील तर ऱ्या डोळ्यांनी बघूनच पसंती दे. गुजराती कीबोर्डाची सवय असलेला माणूस तिथे 'पुर्या' टाइप करतो, रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो, आणि दुकान मराठी माणसाचं आहे हे पहिल्याच गिऱ्हाइकाला खोटं वाटायला लागतं. सगळं पक्कं झालं की ए-४ कागदावर पाटीचा छोटा प्रिंट काढ, समोरच्या भिंतीवर चिकटव, आणि आत्याला चष्मा काढून वाचायला सांग. मराठी ओळ त्यांनी अडखळत वाचली तर फाइल मला पाठव, मी हाताने लिहून देतो. पैसे नकोत, श्रीखंड चालेल, वेलचीचं.